कानाचा मिस्त्री

दिनेश मिस्त्रीला दीड वर्षापासून पत्रा ऐकू येत नव्हता. ही गोष्ट त्याने जगात एकाच माणसाला सांगितली होती, स्वतःला, आणि तीही अर्धीच.

तसा तो बहिरा नव्हता. ट्रक ऐकू यायचा, माणसांचं बोलणंही यायचं, पण वाळवीने कडा खाल्लेल्या कागदासारखं. मधलं कळायचं, शेवट सुटायचा. जिथे सुटेल तिथे तो "हं" म्हणायचा. एका "हं"वर माणूस किती दिवस काढू शकतो हे कुणीही दिनेशकडून शिकावं. पेठच्या डोंगरातून विशीत नाशिकला आला आणि तेव्हापासून तीस वर्षं द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत पत्र्यावर हातोडा घालतोय, कानात कधी साधा कापसाचा बोळा नाही. मग दुसरं काय होणार? हातोडा काय फक्त पत्र्यालाच लागतो?

गोम अशी की त्याची सगळी भाकरी त्या कानावर होती. डेंटिंगची शेडं द्वारकेला पन्नास असतील, पण कानाचा मिस्त्री एकच. जुनी गाडी घ्यायची ठरली की लोक रविवारी ती त्याच्याकडे आणायचे. दिनेश गाडीखाली सरकायचा आणि पेचकसाची मूठ पत्र्यावर ठोकत पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जायचा. बाजारात बाई मडकं वाजवून घेते, तसंच ते. धड पत्रा टण्ण वाजतो आणि आतून गंजलेला बद्द. वरून लांबीचा लगदा भरा, रंग मारा, काय वाट्टेल ते करा. वरून कीर्तन आतून तमाशा असलेली गाडी दिनेशला दोन मिनिटांत कळायची.

त्याची मुलगी मोहिनी लहान असताना शेडमध्ये पोत्यावर बसायची. डोळे मिटायची, बाप ठोकायचा, आणि ही सांगायची, "चांगला." "सडका." "चांगला." चौथीत असताना तिने वर्गात उभं राहून सांगितलं होतं की आमच्या बाबांना पत्रा ऐकू येतो. बाईंनी ते दिनेशला सांगितलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला होता की त्याने त्या दिवशी काम बंद ठेवलं होतं.

आता ती चोवीस वर्षांची होती. सातपूरच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी रॅली. तीन वर्षं ती दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवत होती. यंदा तिला स्वतः चालवायचं होतं. घाटातल्या रॅलीचे अर्ज आठ दिवसांत बंद होणार होते, आणि अर्जात गाडीचा नंबर लिहावा लागतो. मोहिनीच्या आवाक्यातली वेगवान गाडी म्हणजे वीस वर्षांची जुनी. त्यातही इंजिन कसंही असलं तरी चालतं, ते खोलून नीट करता येतं. पत्र्याचं तसं नाही. चाकाचा भार ज्या पत्र्यावर बसतो तो सडलेला असला, तर घाटाच्या वळणावर एकशेवीसच्या वेगात चाक निघून जायला कुणाची परवानगी मागत नाही.

गेल्या दोन महिन्यांत तिने चार गाड्या पाहिल्या. इंदिरानगरची, सातपूरची चंदेरी, देवळालीची आणि ओझरची. चारही वेळा दिनेश खाली गेला, ठोकलं, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "नको पोरी. सडलीय." तो खोटं बोलला नव्हता. त्याला चारही गाड्या बद्द वाजल्या होत्या. मोहिनी वाद घालणारी नव्हती, निदान बापाच्या कानाशी तरी. फक्त त्या चंदेरी गाडीपाशी ती जरा जास्त वेळ उभी राहिली होती.

मग पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या शेडचा सुनील चहा प्यायला आला आणि हसत म्हणाला, "दिन्या, तू नाय म्हनलेली ती चंदेरी मी माझ्या गिऱ्हाइकाला घेऊन दिली. आज खालून खोलली. पत्रा एकदम लग्नातल्या परातीसारखा. कानात बोळा घातला व्हता का रे त्या दिवशी?"

सुनील चहा पिऊन गेला. दिनेशने शेडमधला एक कोरा पत्रा दोरीला टांगला आणि ठोकला. बद्द. मग भंगारातला गंजका टांगला. तोही बद्द. त्याने चारचारदा ठोकून पाहिलं. मग दोन्ही पत्रे खाली काढून ठेवले आणि समोरच्या रिक्षाचं मडगार्ड सरळ करायला बसला.

कुणी म्हणेल, मग तेव्हाच सांगायचं. सांगणाऱ्याचं काय जातं? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या मुठीच्या मालकालाच माहीत असतं. शेडमध्ये रविवारी येणारी माणसं, गल्लीतलं नाव, आणि चौथीच्या वर्गात उभी राहिलेली ती पोर, हे सगळं त्या मुठीत होतं. पाचवी गाडी डोळ्यांनी आणि बोटांनी बघू, लोहचुंबक लावू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि गप्प बसला.

पाचवी गाडी पिंपळगाव बसवंतला होती. कार्तिकातल्या रविवारी सकाळी मोहिनीने मोटरसायकल काढली आणि दिनेश मागे बसला. हायवेला ती काहीबाही बोलत होती. वारा तिचे शब्द उडवून नेत होता आणि दिनेश अंदाजाने "हं, हं" करत होता.

सावळीरामतात्यांची द्राक्षबाग हायवेपासून हाकेच्या अंतरावर होती. तात्या सत्तरीचे, टोपीवाले, बोलण्यात कडक. ते शेडच्या दारातच उभे होते.

"या मिस्त्री. तुमचं नाव ऐकून हाय मी. कानाचे मिस्त्री ना तुम्ही?"

"हं," दिनेश म्हणाला.

तात्यांनी ताडपत्री ओढली. खाली तांबडी गाडी होती, अशी चकचकीत की मोहिनी नकळत दोन पावलं पुढे सरली. दिनेशने ते पाहिलं.

"सार्थकची," तात्या म्हणाले. "माझा थोरला. तीन रॅल्या मारल्या हिच्यावर. एकदा दुसरा नंबर आला. मग गेला न्यूझीलंडला. आठ वर्षं झाली. आता फोनवर म्हनतो, विकून टाका, मी काय आता चालवनार. दर दसऱ्याला धुतो मी हिला. हार घालतो, लिंबू ठेवतो, परत झाकतो. बैलांची एवढी शेवा केली नाय कधी."

मोहिनी गाडीभोवती एक फेरी मारून आली. तिने कशालाही हात लावला नाही. आवडलेल्या वस्तूला ती लहानपणापासून पटकन हात लावत नसे.

दिनेशने चुंबक फडक्यात गुंडाळलं आणि दारं, बोनेट, चाकांवरच्या कमानी तपासल्या. चुंबक सगळीकडे घट्ट बसलं. कुठे लांबी भरलेली नव्हती. दारांच्या खालच्या कडांवरून त्याने बोट फिरवलं, तर त्याही गुळगुळीत. त्याला बरं वाटलं. मग गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराच्या लोखंडी घोड्या लावल्या, आणि तो पाठीवर आत सरकला.

आत सगळं काळं होतं. गाडीच्या पोटाला जाड, ताजा काळा थर दिलेला.

"तात्या, हे काळं कधी मारलं?"

"दिवाळीच्या आधी. सार्थकचा मैतर म्हनला, विकायची तर खालून मारून घ्या, गाडी टिकती."

जुन्या गाडीला ताजं काळं म्हणजे एक तर माया, नाही तर झाकपाक. कोणतं ते वरून दिसत नाही. दिनेश म्हणाला, "जरा टोचून बघतो."

"नाय," तात्या म्हणाले. "टोचायचं नाय. गेल्या आयतवारी एकजन आला, दोन जागी खरवडून गेला, घेतली बी नाय. पोराची गाडी हाय ती, भंगार नाय. तुम्ही तर कानानं बघता. वाजवा खुशाल."

म्हणजे डोळे गेले, बोटं गेली, चुंबक गेलं. उरला कान.

दिनेशने पेचकसाची मूठ पत्र्यावर ठोकली. बद्द. एक वीत पुढे, बद्द. मधोमध, मागच्या चाकाजवळ, दाराखालच्या पोकळ पत्र्यावर, सगळीकडे बद्द. मग एका हाताने ठोकून त्याने दुसरा तळवा पत्र्याला लावला. थरथर हाताला तरी कळेल, असं त्याला वाटलं. पण काळा थर जाड होता आणि हाताला काहीच कळलं नाही. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. नाही म्हणालो आणि ही चंदेरीसारखीच धड निघाली, तर पोरीची पाचवी गाडी मी घालवली. हो म्हणालो आणि ही सडकी निघाली, तर पोरच जाईल. तो तिथे पडून राहिला, जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ.

बाहेर आला तेव्हा दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"बोला मिस्त्री," तात्या म्हणाले. "एक वाजता पुण्याचा मानूस यायचाय. तुमचं काय ते सांगा."

"नको" हा शब्द जिभेवर तयारच होता. नको म्हणणं लई सोपं. नको म्हणणाऱ्याची चूक सहसा उघडी पडत नाही, गाडीच जाते, प्रश्न मिटतो. पण मोहिनीने इतक्यात मान खाली घातली होती. पाचव्यांदा तेच ऐकायची तयारी तिने केली होती, आणि ते दिनेशला सहन होईना. मग "घे" हा शब्द वर आला. चार वेळा हिरावलंय, एकदा तरी देऊ. शब्द ओठापर्यंत आला आणि त्याला घाटातलं वळण दिसलं.

"मला ऐकू येत नाय," दिनेश म्हणाला.

"आं?" म्हणाले तात्या.

"पत्रा ऐकू येत नाय मला. दीड वर्ष झालं. धड अन् सडका, दोन्ही सारखेच लागतात." तो तात्यांशी बोलत होता, पण बघत जमिनीकडे होता. मग त्याने मान वर करून मुलीकडे पाहिलं. "त्या चारी गाड्या मला सडक्या वाटल्या म्हणून नाय म्हनलो. सातपूरची चांगली निघाली. सुनीलनं खोलली. पंधरा दिवस झाले मला कळून. ती मी घालवली तुझी."

मोहिनीच्या चेहऱ्यावर राग होता का, ते त्याला नीट कळलं नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते. लाज वाटत होती. तरी त्याने पेचकस उलटा धरला आणि मूठ तिच्याकडे केली.

"तू वाजव."

"मला नाही येत, बाबा."

"येतं. चवथीत असल्यापासून येतं."

तिने ओढणी कमरेला खोचली आणि गाडीखाली सरकली. दिनेश शेजारी उकिडवा बसला. मोबाईलची बॅटरी तिने छातीवर ठेवली होती, तिच्या उजेडात तिचा चेहरा त्याला दिसत होता. ती ठोकू लागली. त्याला काही वेगळं ऐकू येणार नव्हतंच, म्हणून तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पुढच्या चाकापाशी तिची हनुवटी जराशी हलली. चांगला. इंजिनाखाली चांगला. मधोमध चांगला. डावी बाजू सगळी चांगली. त्याच्या मनात आशा यायला लागली.

मग ती उजव्या बाजूला, मागच्या चाकापुढे आली आणि थांबली. पुन्हा ठोकलं. तिने डोळे मिटले, पोत्यावर बसायची तेव्हा मिटायची तसेच. आणखी दोनदा ठोकलं. कपाळावर एक आठी पडली, आणि दिनेशला समजलं. तीस वर्षं त्याने गंज कानाने ओळखला होता, त्या दिवशी मुलीच्या कपाळावर ओळखला.

"इथून इथपर्यंत," ती आतूनच म्हणाली. हाताने तिने जागा दाखवली, चांगली दोन वीत. "सडका आहे."

तात्या तापले. "एकाला ऐकू येत नाय आन् दुसरी कालची पोर. तुमच्या सांगन्यावरनं मी सार्थकची गाडी सडकी मानायची व्हय?"

मोहिनी बाहेर आली. केसांत माती होती. "तात्या, तुम्ही सांगितलंत तर टोचून दाखवते. नको म्हणालात तर हात लावणार नाही, आम्ही निघतो. पण पुण्याचा माणूस घेऊन जाईल, त्यालाही कुणीतरी घरी वाट बघणारं असेल."

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. बाहेर बागेत औषध फवारायचा पंप चालू होता.

"टोच," ते म्हणाले.

मोहिनी पुन्हा गाडीखाली, त्याच जागेपाशी सरकली. तिने पेचकसाचं टोक लावलं आणि तळव्याने रेटलं. भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसा तो मुठीपर्यंत आत गेला. तिने तो बाहेर ओढला तेव्हा काळ्या थराचा टवका सुटला आणि भुग्याचा ढीग खाली पडला. भुगा तपकिरी होता, आणि त्यात जागोजागी निळंहिरवं काहीतरी मिसळलेलं होतं. दिनेशने ते हातावर घेतलं. असला रंग त्याने गंजात कधी पाहिला नव्हता.

तात्यांनी मात्र पाहिला होता. ते भुग्याकडे बघत राहिले आणि मग हळूहळू वळून त्यांनी शेडच्या उजव्या भिंतीकडे पाहिलं. तिथे मोरचुदाच्या गोण्या लावलेल्या होत्या, गाडीच्या त्याच अंगाला, थेट चाकापर्यंत. दोन गोण्यांना खालून भोक पडलं होतं आणि निळी पूड जमिनीवर पसरली होती.

द्राक्षाच्या गावात मोरचूद लहान पोरालाही माहीत. चुन्यात कालवून वेलीवर मारतात, करपा येऊ नये म्हणून. आणि द्राक्षवाल्याला दुसरी एक गोष्ट पक्की माहीत असते, मोरचूद लोखंडाला खातो. द्रावण नीट झालं की नाही ते बघायला तात्या दर हंगामात त्यात लोखंडी खिळा बुडवायचे. खिळ्यावर तांबडी पुटं चढली, तर चुना कमी पडलाय. गेली चाळीस वर्षं ते हे करत होते.

"गड्यांना मी सांगतो," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "टाकी प्लॅस्टिकची घ्या, काठी लाकडाची घ्या, लोखंड लावू नका. अन् पोराची गाडी मीच..."

ते गोणीवर बसायला गेले, मग न बसताच उभे राहिले. "दसऱ्याला धुवायचो. ओली असतानाच ताडपत्री टाकायचो, धूळ बसू नये म्हणून. धुतली नसती तर वाचली असती का, मिस्त्री?"

हा प्रश्न दिनेशला पुरता ऐकू आला. इथे "हं" म्हणून सुटता आलं असतं. म्हातारा माणूस, तोंडावर आलेलं दुःख, कुणीही म्हणालं असतं, नाही हो तात्या, जुनी गाडी, व्हायचंच ते.

"वाचली असती," दिनेश म्हणाला. "कोरडी राहिली असती, तर एवढी नसती गेली."

तात्यांनी मान हलवली. मग खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि नंबर लावला. "हां, पुण्याचे ना? मी सावळीराम. येऊ नका. गाडी सडलीय खालून... नाय, आजच कळलं." फोन ठेवून त्यांनी ताडपत्री हातात घेतली, पण गाडीवर टाकली नाही. घडी करून कोपऱ्यात ठेवली.

"कापून नवा पत्रा घालता येतो," दिनेश म्हणाला. "महिनाभराचं काम हाय. हात अजून चालतात माझे. त्या गोण्या आजच हलवा, अन् गाडी माझ्या शेडवर पाठवा. नीट झाली की मग काय ते ठरवा."

"बघतो," तात्या म्हणाले. "सार्थकला सांगावं लागंल आधी. त्याला काय सांगू ते बघतो." मग मोहिनीकडे वळले. "चहा घेऊन जा."

चहा झाला.

महिन्याचं काम म्हणजे यंदाची रॅली गेली, हे सगळ्यांनाच कळत होतं. मोटरसायकलपाशी आल्यावर मोहिनीने हेल्मेट हातात घेतलं, पण घातलं नाही.

"सातपूरच्या गाडीला मी पण टिचकी मारून पाहिली होती," ती म्हणाली. मुद्दाम त्याच्यासमोर उभी राहून, सावकाश. "तुम्ही खाली होतात तेव्हा. मला टण्ण वाटली. मग तुम्ही सडकी म्हणालात. मला वाटलं, माझाच कान चुकला. त्यानंतरच्या दोन गाड्यांना मी हातच लावला नाही."

दिनेशला वाटलं होतं की आपण तिची एक गाडी घालवली. ती नुसती गाडी नव्हती, हे त्याला आत्ता कळलं. त्याने तिच्या केसांतली माती झटकली. तिने झटकू दिली.

परतीच्या वाटेवर आडगाव मागे पडलं. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. बस, टेम्पो, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न एकदम चालू. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मोहिनी मान वळवून काहीतरी म्हणाली. दिनेशला एक अक्षर कळलं नाही. सवयीने तोंडात "हं" तयार झाला.

त्याने तो गिळला.

"काय म्हनलीस?" तो पुढे वाकून म्हणाला. "ऐकू आलं नाय मला. परत सांग."

मोहिनीने हेल्मेटची काच वर केली आणि पूर्ण वळली. "म्हटलं, पुढच्या रविवारी गिऱ्हाईक आलं की मी ठोकीन. तुम्ही शेजारी बसायचं."

"अन् गल्लीतले लोक काय म्हनतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. तुम्हाला कुठे ऐकू येणार आहे."

दिनेशला हे मात्र शब्दन् शब्द ऐकू आलं. मागचा रिक्षावाला हॉर्न मारत होता. मोहिनीने काच खाली केली आणि गाडी गल्लीकडे वळवली.